मान्यखेटचा दरबार आणि आजच्या हद्दी

आठव्या ते दहाव्या शतकात दख्खनवर राज्य करणारे राष्ट्रकूट मराठी होते की कन्नड, हा वाद समाजमाध्यमांवर थोड्याथोड्या दिवसांनी नव्याने पेटतो. एका बाजूने वेरूळच्या कैलास लेण्याचे छायाचित्र पुढे येते आणि लातूरचे नाव घेतले जाते. दुसऱ्या बाजूने ‘कविराजमार्ग’ या ग्रंथातली, कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरल्याचे सांगणारी ओळ फेकली जाते. पाचसहा प्रतिसादांनंतर बोलणे सीमाप्रश्नावर येते आणि आठव्या-नवव्या शतकातली माणसे विसाव्या शतकातल्या खटल्याची साक्षीदार होऊन उभी राहतात. हा वाद वाचताना मला दोन्ही बाजूंबद्दल सारखेच वाईट वाटते, कारण दोघांच्याही हाती खरे पुरावे आहेत आणि दोघेही त्यांतून भलतेच सिद्ध करू पाहतात. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. राष्ट्रकूट घराण्याची जवळची देशी भाषा कन्नड होती, हे आपण मराठी वाचकांनी हातचे काही न राखता मान्य करावे. त्यावरून आजचा महाराष्ट्र तेव्हा कन्नड मुलूख होता असे ठरत नाही, हे कन्नड अभिमान्यांनी मान्य करावे. आणि एवढे झाल्यावर, ‘ते कोणाचे’ हे विचारणे थांबवून त्या राज्यात कोण माणसे कोणत्या भाषेत काय करीत होती, ते आपण विचारायला लागावे.

कन्नडच्या बाजूचा पुरावा खरोखर भक्कम आहे. पहिल्या अमोघवर्षाच्या, म्हणजे 814 पासून सुमारे चौसष्ट वर्षे राज्य केलेल्या राजाच्या आश्रयाने श्रीविजयाने कविराजमार्ग रचला आणि तो कन्नडमधला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ आहे. त्यावर दंडीच्या काव्यादर्श या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथाची छाया आहे, पण देशी भाषेत काव्य कसे लिहावे हे राजाच्या नावाने सांगण्याइतकी प्रतिष्ठा त्या काळी दख्खनमधल्या दुसऱ्या कोणत्याही देशी भाषेला मिळालेली दिसत नाही. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाने पोन्न या कन्नड कवीला ‘उभयकविचक्रवर्ती’, म्हणजे संस्कृत आणि कन्नड या दोन्ही भाषांतला कविसम्राट, हे बिरुद दिले. याच कृष्णाची प्रशस्ती मध्य प्रदेशात मैहरजवळच्या जुरा येथे सापडली, आणि तीही कन्नडमध्ये आहे. नर्मदेच्या उत्तरेला, जिथे ती वाचणारा माणूस शोधावा लागला असता अशा ठिकाणी, राजाला आपला पराक्रम याच भाषेत कोरून ठेवावासा वाटला. गुजरातेत राज्य करणाऱ्या शाखेतल्या राजपुत्रांनी आपल्या ताम्रपटांवर जी स्वहस्ताक्षरे केली तीही दाक्षिणात्य वळणाच्या लिपीत आहेत. दहाव्या शतकात आलेल्या अल् मसूदी या अरब प्रवाशाने तर ‘मानकीर’ या राजधानीत ‘कीरिया’ भाषा बोलतात असे लिहून ठेवले आहे. मानकीर म्हणजे मान्यखेट, आजचे कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. आणि कीरिया म्हणजे कन्नड, असे अभ्यासक मानतात. याउलट राष्ट्रकूट काळातला निर्विवाद म्हणावा असा एकही मराठी शिलालेख आपल्याकडे नाही. अलिबागजवळचा आक्षीचा लेख शके 934 चा, म्हणजे 1012 चा धरला जातो. तोवर राष्ट्रकूटांची सत्ता जाऊन जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती.

मराठी बाजूचा आवडता प्रतिवाद लातूरचा. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत आणि लट्टलूर म्हणजे लातूर, हे समीकरण बहुतेकांना मान्य आहे. पण ‘अमुकपुरवराधीश्वर’ या प्रकारच्या बिरुदाचा अर्थ काय असतो, हे या वादात कोणी विचारीत नाही. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. ते काही त्यांची राजधानी नव्हते. असे बिरुद घराण्याच्या मूळ गावाची आठवण सांगते. त्या गावात तेव्हा कोणती भाषा चालत होती आणि घराण्याने तिथून काय बरोबर नेले, याचा त्यात पत्ता नसतो. सौंदत्तीच्या रट्ट राजांनीही पुढे हेच लट्टलूरचे बिरुद मिरवले आणि त्यांचे लेख कन्नडमध्ये आहेत. राष्ट्रकूटांचे मूळ स्थान लातूर मानणारे मराठी इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांनीच त्यांची मातृभाषा कन्नड असल्याचा निर्वाळा दिला होता. लातूर आणि कन्नड यांत त्यांना विरोध दिसला नाही, कारण आजचा जिल्हा आणि तेव्हाचे घर यांची गल्लत त्यांनी केली नाही.

‘राष्ट्रकूट’ या शब्दातला ‘राष्ट्र’ आणि ‘महाराष्ट्र’ यातला ‘राष्ट्र’ एकच, म्हणून ते आपले, हा दुसरा युक्तिवाद. रा. गो. भांडारकरांसारख्या थोर संशोधकाने रट्ट आणि महाराष्ट्र यांचा संबंध जोडल्यामुळे त्याला वजन आले. पण राष्ट्रकूट हे मुळात अधिकारपदाचे नाव असावे. ताम्रपटांत राजाज्ञा कोणाकोणाला उद्देशून आहे हे सांगताना राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट अशी मालिकाच येते; ग्रामकूट जसा गावाचा प्रमुख तसा राष्ट्रकूट एका प्रदेशाचा. पदावरून कुळाचे नाव पडणे आपल्याला नवे नाही. देशमुख हे नाव पाहा. ते महाराष्ट्रात आहे आणि तेलंगणातही आहे, आणि तेलंगणातल्या देशमुखांच्या घरात तेलुगू बोलली जाते. एक हजार वर्षांनी कोणी केवळ नावावरून त्यांना मराठी ठरवू लागला, तर आपण त्याला काय सांगू?

राहिला कैलास. 754 च्या सामानगड ताम्रपटातून चालुक्यांचा मुलूख जिंकल्याचे सांगणारा दंतिदुर्ग आणि त्यानंतर गादीवर आलेला त्याचा चुलता पहिला कृष्ण यांच्या काळात वेरूळच्या डोंगराला राजाश्रय मिळाला. बडोद्याला सापडलेल्या 812 च्या ताम्रपटात एलापुराच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरच्या देवालयाचे वर्णन आहे: ते पाहून विमानातून जाणारे देव चकित झाले, आणि ज्याने ते घडवले त्या शिल्प्यालाही, हे आपल्या हातून कसे झाले, याचा अचंबा वाटला. हे लेणे मराठी मातीत, मराठी मुलुखाच्या खडकात आहे, यात शंकाच नाही. पण त्याची वंशावळ पाहिली तर ती थेट दक्षिणेकडे जाते. कैलासाचा आराखडा पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जवळचे नाते सांगतो. विरूपाक्ष मंदिर चालुक्य दुसऱ्या विक्रमादित्याने कांची जिंकल्याच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने बांधवले, आणि त्यावर कांचीच्या पल्लवांच्या कैलासनाथ मंदिराचा ठसा आहे. म्हणजे जिंकलेल्या शहरातले देऊळ जेत्याच्या मनात भरले, त्याच्या राणीने तसे देऊळ मलप्रभेच्या काठी उभे केले, आणि त्या चालुक्यांना पाडणाऱ्या घराण्याने तेच रूप सह्याद्रीच्या कातळात वरून खाली कोरत आणले. यातली तमिळ, कन्नड आणि मराठी वाटणी कुठल्या पायरीवर करायची?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. राज्यकर्त्यांची भाषा कन्नड, म्हणून गोदावरीपर्यंतचे लोकही कन्नड, हे अनुमान पुरावा ओलांडून जाते. कविराजमार्गातल्या ज्या ओळीचा एवढा आधार घेतला जातो तिच्या पुढेच ग्रंथकार सांगतो की कन्नडचा खरा गाभा किसुवोळल, कोपण, पुलिगेरे आणि ओंकुंद यांच्या मधल्या प्रदेशात आहे. किसुवोळल म्हणजे पट्टदकल, कोपण म्हणजे कोप्पळ, पुलिगेरे म्हणजे लक्ष्मेश्वर. ही ठिकाणे गोदावरीपासून फार दक्षिणेला, आजच्या उत्तर कर्नाटकात आहेत. बाहेरची सीमा आणि आतला गाभा यांत फरक करण्याचे भान नवव्या शतकातल्या ग्रंथकाराला होते. त्याचा अर्धाच श्लोक उद्धृत करणारे ते हरवून बसतात. त्याच्या दोन शतके आधी, 634 च्या ऐहोळे प्रशस्तीत रविकीर्तीने चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीला 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटले आहे. कन्नड देशातला राजा, संस्कृतात लिहिणारा जैन कवी, आणि त्याच्या तोंडी ‘महाराष्ट्रक’ हे वेगळ्या प्रदेशाचे नाव! शिवाय 779 मध्ये राजस्थानातल्या जालोर येथे उद्द्योतनसूरीने पुरी केलेल्या कुवलयमाला या प्राकृत कथेत बाजारातल्या निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांची बोली टिपली आहे. त्यात कर्नाटकी माणूस वेगळा आहे आणि ‘दिण्णले, गहिल्ले’ असे बोलणारा मरहट्टा वेगळा आहे. दिले, घेतले. हे शब्द ज्या वर्षी लिहिले गेले तेव्हा दख्खनमध्ये राष्ट्रकूटांचेच राज्य होते आणि उद्द्योतन त्यांच्या वैऱ्याच्या, प्रतीहार वत्सराजाच्या मुलुखात बसला होता. मराठी बोलली जात होती, दूरच्या बाजारात ओळखू येत होती, मात्र तिला अजून लेखणी आणि छिन्नी मिळालेली नव्हती. मसूदीची साक्षही इथे पुरी वाचली पाहिजे. मान्यखेटची भाषा कीरिया असे सांगणारा हा प्रवासी चौल, सोपारा, ठाणे या किनाऱ्यावरच्या गावांत ‘लारिया’ ही वेगळी भाषा चालते असेही सांगतो. एका राजाचे राज्य म्हणजे एक भाषा, असा समज त्या परदेशी माणसाचाही नव्हता.

या घोटाळ्याला युरोपातला एक दाखला तंतोतंत लागू पडतो, आणि तोही त्याच काळातला. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद आणि फ्रँकांचा सम्राट शार्लमेन एकाच वर्षी, 814 मध्ये वारले. शार्लमेनची घरची बोली जर्मानिक होती. तिचे व्याकरण लिहायला त्याने सुरुवात केली होती असे त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. त्याचा कारभार लॅटिनमध्ये चाले. त्याच्या दरबारातला अल्क्विन इंग्लंडातल्या यॉर्कचा, पॉल लोंबार्ड जमातीचा, थिओडुल्फ स्पेनकडचा. 842 मध्ये त्याच्या नातवांनी स्ट्रासबुर्ग येथे एकमेकांच्या सैन्याला समजावे म्हणून एकमेकांच्या भाषेत शपथा घेतल्या. पुढे फ्रेंचांनी तो आमचा म्हटले, जर्मनांनी तो आमचा म्हटले. 1935 मध्ये, नाझी राजवटीत, आठ जर्मन इतिहासकारांना ‘थोर कार्ल की शार्लमेन’ या प्रश्नाची उत्तरे देणारे पुस्तक काढावे लागले. त्या आठांनी पुरावे नीट मांडले असतीलही, पण ज्या काळात तो प्रश्न विचारला जात होता त्या काळाकडे पाहिले म्हणजे तो का विचारला जात होता, हे कळते. फ्रान्स आणि जर्मनी हे दोन्ही देश ज्या राज्याच्या फुटण्यातून निघाले त्या राज्याला या दोहोंपैकी एकाच्या खात्यावर कसे मांडायचे? महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे राष्ट्रकूटांशी असलेले नाते मला याच जातीचे वाटते.

मग त्या राज्यात प्रत्यक्षात काय होते? अमोघवर्षाच्या भोवती जमलेली माणसे पाहा. जिनसेनाने संस्कृतात आदिपुराण लिहिले, आणि पार्श्वाभ्युदयात कालिदासाच्या मेघदूताच्या ओळी एकेक घेऊन त्यांतून तीर्थंकराची कथा विणली. गुरू वीरसेनाने अर्धवट सोडलेली जयधवला टीका त्यानेच 837 मध्ये पुरी केली. तिच्यात प्राकृत आणि संस्कृत वाक्ये एकमेकांत सहज मिसळतात. शाकटायनाने व्याकरण रचले आणि त्यावरच्या वृत्तीला, म्हणजे टीकेला, राजाच्या नावावरून अमोघवृत्ती म्हटले. महावीराचार्याने गणितसारसंग्रहाच्या आरंभी नृपतुंग अमोघवर्षाची स्तुती करून गणिताचा उपयोग कुठे नाही असे विचारले: कामशास्त्र, अर्थशास्त्र, संगीत, नाटक, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या, सगळीकडे गणित आहे. ऋण संख्या ही मुळात कोणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे त्याने स्वच्छ सांगितले. हा ग्रंथ पुढे अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने तेलुगूत नेला. कन्नड दरबारात संस्कृतात लिहिलेले गणित आंध्रातल्या मुलांनी तेलुगूत शिकावे, यात कोणाचे काय हिरावले गेले?

पुढच्या शतकात चित्र आणखी भरगच्च होते. 915 चे नवसारीचे ताम्रपट तिसऱ्या इंद्रासाठी त्रिविक्रमभट्टाने लिहिले. तोच नलचंपूचा कर्ता. राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या वेमुलवाड्याच्या चालुक्यांकडे, आजच्या तेलंगणात, आदिकवी पंपाने 941 मध्ये आपली कन्नड महाकाव्ये रचली. तिथेच कुर्क्याल गावाजवळच्या टेकडीवर त्याचा भाऊ जिनवल्लभ याने कोरवलेला लेख संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत आहे. एका कुटुंबाने एका खडकावर तीन भाषा शेजारी शेजारी बसवल्या. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशीही तसेच आहे. राष्ट्रकूटांच्या मांडलिक गंगांचा सेनापती चामुंडराय याचे नाव तिथे कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि नागरी लिपीतल्या ‘करवियले’ या मराठी क्रियापदासह कोरलेले आहे. त्या मराठी ओळीचा काळ कोणता यावर वाद आहे आणि आपण तो हिरिरीने घालतो. पण ज्याने ती ओळ कोरवली त्याला मराठी भाविक तिथवर येतो आणि त्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे एवढे ठाऊक होते, ही गोष्ट मला तारखेपेक्षा मोठी वाटते.

सरदारांकडे पाहिले तरी हेच. अमोघवर्षाचा विश्वासू बंकेय हा बनवासीचा अधिपती. राजपुत्राचे बंड मोडायला राजाने त्याला परत बोलावले, आणि त्याने कोळनूरला बांधलेल्या जिनालयाला 860 मध्ये गाव इनाम दिले. हावेरी जिल्ह्यातले बंकापूर आजही त्याचे नाव धरून आहे. उलट टोकाला, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी येथे सापडलेल्या शके 848, म्हणजे 926 च्या ताम्रपटांतला संजानचा अधिपती मधुमती. हा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचेच संस्कृत रूप. दुसऱ्या कृष्णाने त्याला संयान मंडळाचा कारभार दिला. त्याने नदीवर फुकट नाव चालवली, वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र घातले, आणि एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठिकेला तिसऱ्या इंद्राच्या संमतीने जमीन दिली. त्या दानपत्राची भाषा संस्कृत आहे, राजा कन्नड घरातला आहे, अधिकारी अरब आहे, आणि ती नाव ज्यांना पैलतीरी नेत होती त्यांच्या बोलीचा त्या पत्र्यावर एकही शब्द नाही. ‘राष्ट्रकूट कोणाचे’ असे विचारणाऱ्याला मी आधी चिंचणीच्या या पत्र्यांपुढे उभे करीन.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला माहीत आहे. आपलेपणाशिवाय कोणी काही जपत नाही. लेणी, ताम्रपट, पोथ्या अभिमानामुळेच वाचल्या, आणि ‘सगळे सगळ्यांचे’ म्हणताना शेवटी ते कोणाचेच उरत नाही. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दख्खनच्या इतिहासाचे संशोधन उभे राहिले तेच अभिमानी माणसांच्या कष्टांवर. कन्नड वाचकाला कविराजमार्गाबद्दल जे वाटते ते मलाही लीळाचरित्राबद्दल वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पण अभिमान काय जपतो हे त्याची हद्द कुठे आखली आहे यावर ठरते. आपण कैलास आपला म्हणतो, आणि ज्या राजांच्या काळात तो झाला त्यांच्या आवडत्या भाषेतली एक ओळही आपल्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही. महाराष्ट्रात प्राचीन इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला संस्कृत आणि प्राकृत आवश्यक वाटते. हळेगन्नड, म्हणजे जुनी कन्नड, शिकावीशी वाटली तर त्याला वाट स्वतः शोधावी लागते. सोलापूर, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत जुने कन्नड शिलालेख गावोगाव देवळांच्या भिंतींना टेकून उभे असताना ही स्थिती आहे. तिकडेही, मराठीच्या जुन्या रूपांचा अभ्यास कन्नडच्या इतिहासासाठी लागतो असे मानणारे फार भेटत नाहीत. मालकीचा दावा दोन्हीकडे मोठा आहे आणि वाचनाची तयारी दोन्हीकडे तोकडी. आपापल्या विद्यापीठांत एकमेकांच्या जुन्या भाषेचा एकेक वर्ग सुरू करा, अशी मागणी या वादात आजवर किती जणांनी केली?

मान्यखेट पडले तेव्हा कोणाचे काय गेले, ते तिथल्या एका कवीने लिहून ठेवले आहे. पुष्पदंत बाहेरून आलेला, शैव घरातून जैन झालेला, राजदरबारांना विटलेला. थकून तो शहराबाहेरच्या राईत बसला होता आणि आत यायला तयार नव्हता. दुर्जनांची वाकडी भुवई पाहण्यापेक्षा डोंगरातली गुहा बरी, असे तो म्हणे. तिसऱ्या कृष्णाचा मंत्री भरत याने त्याला घरी नेले, आणि त्या घरात बसून त्याने 965 पर्यंत अपभ्रंश भाषेतले महापुराण पुरे केले. 972 मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले. त्याच वर्षी तिकडे धारेत धनपालाने आपल्या धाकट्या बहिणीसाठी प्राकृत शब्दांचा कोश रचला, आणि आपला काळ सांगताना मान्यखेटच्या लुटीचाच उल्लेख केला. इकडे पुष्पदंताने संस्कृतात एक श्लोक लिहिला: दीनांचे आणि अनाथांचे धन असलेले, सदा माणसांनी गजबजलेले, फुललेल्या वेलींच्या बागांचे, जाणत्यांना प्रिय असलेले हे नगर धारेच्या राजाच्या कोपाग्नीने जळून गेले, आता पुष्पदंत कवीने राहायचे कुठे?